गोवऱ्या घेऊन चिखलदऱ्याला

दिगंबर, गोवऱ्या घेऊन डोंगर चढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साळा निघाला. तुझी तेरावी होऊन चार दिवस झाले. येणारे-जाणारे तुझ्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगतात, मी मान हलवतो. मला मात्र राहून राहून त्या गोवऱ्याच आठवतात आणि डोकं तापतं. गेलेल्या माणसावर चिडू नये, असं तुझी बहीण मनीषा म्हणते. पण मी वकील आहे. समोरचा हजर नसला तरी आपलं म्हणणं मांडायची मला सवय आहे, आणि तू तर जिवंतपणीही माझं म्हणणं कधी ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक.

भाऊबीजेला आम्ही अकोल्याहून अमरावतीला तुझ्याकडे आलो होतो. तुझ्या बहिणीने तुला ओवाळलं, तुझ्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं, आणि तू पाटावर बसल्या बसल्या जाहीर केलंस, "उद्या चिखलदरा. चार दिवस. समदे."

मी म्हटलं, चार दिवस कशाला? सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ. अमरावतीचा माणूस चिखलदऱ्याला तसाच जातो. गाडीतून उतरायचं, दरीकडे पाठ करून फोटो काढायचा, भजी खायची, रबडी बांधून घ्यायची आणि पुन्हा गाडीत बसायचं. चिखलदऱ्याला कोणी चालायला जातं का?

"आपुन जाऊन राहिलो ना," तू म्हणालास. "पोट्टे मोबाईल पाहून पाहून बसके होऊन राहिले, जावईबुवा. पोराइले डोंगर दाखवाचा त पायानं दाखवाचा."

आणि तू कपाटातून तक्ता काढलास. मास्तर तू, शाळेत पाढे लावतात तसला चार्ट पेपर, त्यावर लाल-निळ्या स्केचपेनने चार दिवसांचं वेळापत्रक. साडेपाचला उठणे. सहाला कवायत. सातला नाश्ता. साडेसातला कूच. "कूच" हा शब्द तू खरोखर लिहिला होतास. सोबत येणाऱ्या सैन्यात तुझा ओम नऊ वर्षांचा, माझी रेवा सात वर्षांची, आणि आमचा बंटी चार वर्षांचा, ज्याला घरातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कडेवर न्यावं लागायचं. मी वहिनींकडे, म्हणजे तुझ्या बायकोकडे, आशेने पाहिलं. त्या चिवडा भाजत होत्या. त्यांना आधीच माहीत होतं आणि त्यांनी आधीच हात टेकले होते.

तुझ्यापुढे हात टेकायची मला सवय लग्नापासूनच होती. अकरा वर्षं मी तुमच्या घरचा जावई आहे. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी मी दारात पाय ठेवला की तू वाकून माझ्या पाया पडायचास, पोरांच्या देखत, शेजाऱ्यांच्या देखत, एकदा तर बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर, गाडीला आलेल्या गर्दीत. मी तुला "अरे दिगंबर" म्हणायचं आणि तू मला "जावईबुवा, तुमी." मी किती वेळा सांगितलं की हे सोड, मला अवघडल्यासारखं होतं. "रिवाज हाये," एवढंच तुझं उत्तर. जावयाच्या हाताला ओझं नाही, जावयाचं ताट आधी, जावयाला उलट शब्द नाही. माझी बॅग मी तुमच्या घरी कधी स्वतः उचललेली मला आठवत नाही. पहिली दोन वर्षं मी हिसकाहिसकी केली. मग सोडून दिली. मग हळूहळू मी गाडीतून उतरताना मोकळ्या हातानेच उतरायला लागलो. हे मी आज लिहितो आहे, कारण तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

परतवाड्यापर्यंत आपण जीपने गेलो. तिथून पुढे तुला एसटी हवी होती, कारण पोरांना "घाटाची मजा" दाखवायची होती. घाटाच्या चौथ्या वळणावर बंटीने माझ्या पँटवर ती मजा काढली. तू खिशातून लिंबू काढून त्याच्या नाकाशी धरलंस आणि मला म्हणालास, "तुमाले बी पाहिजे का?"  उत्तर देण्यासारखी माझी अवस्था नव्हती.

पहिला दिवस गाविलगडाचा. तू गळ्यात शिट्टी अडकवली होतीस. शाळेतली, कवायतीची. सकाळी सहाला त्या लॉजच्या अंगणात तू ती वाजवलीस तेव्हा शेजारच्या खोलीतला एक माणूस टॉवेल गुंडाळून बाहेर आला, त्याला वाटलं काही आग-बिग लागली. तू त्यालाही कवायतीला उभं केलंस. किल्ल्यावर प्रत्येक दरवाजाशी पोरांना थांबवून "उत्तर कुठं? अमरावती कुठल्या बाजूले?" असं विचारणं चालू होतं. रेवाला दर वीस मिनिटांनी सू लागायची. बंटीचे तीस पावलांनंतर हात वर. आणि प्रत्येक वेळी मी खाली वाकायच्या आत तो तुझ्या खांद्यावर. दुसऱ्या दिवशी तलावाला फेरी. तुझ्या पाठीवर तुझी पिशवी, पुढे पोटावर माझी बॅग, खांद्यावर माझा मुलगा. मी मागून हात हलवत चालत होतो. मनीषाने फोटो काढला आहे. त्यात मी फार प्रसन्न दिसतो.

चिडचिडीत एक गोष्ट राहून जायला नको म्हणून इथेच सांगतो. रेवा शाळेत तोंड उघडत नव्हती. बाई विचारतील ते वहीत लिहून दाखवायची, बोलायची नाही. आम्ही दोन डॉक्टरांना दाखवलं होतं. तुला हे माहीत होतं, पण तू त्यावर कधी एक शब्द काढला नाहीस. तलावाच्या वाटेवर तू शिट्टी तिच्या गळ्यात घातलीस आणि म्हणालास, "आजपासून तू कॅप्टन. तू म्हणशील तवाच आमी हलतो. नाईतर इथंच बसतो." आणि बसलास. खरंच बसलास, रस्त्याच्या कडेला, ओमला घेऊन. दहा मिनिटं गेली. मला उशीर होत होता, कशाला ते देवाला ठाऊक. मी "चला ना आता" म्हणणार होतो, तर तू माझ्याकडे असं डोळे वटारून पाहिलंस की मी गप्प. जावयाकडे डोळे वटारायची ती तुझी पहिलीच वेळ. मग रेवाने शिट्टी वाजवली आणि ओरडली, "चला सगळे! बाबा, तुम्ही पण!" ती आता वर्गात बोलते. बाईंची तक्रार आहे की फार बोलते. याबद्दल तुला कधी काही म्हणायचं मला सुचलंच नाही. आता म्हणतो, उपकार झाले रे.

आता तिसरा दिवस.

आदल्या संध्याकाळीच तू सांगून टाकलंस की दरीत झऱ्यापर्यंत उतरायचं आणि तिथे रोडगे करायचे. वऱ्हाडात माणसं शेतात रोडग्यांची पंगत करतात, हे मला मान्य आहे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. पण शेतात. जिथे गाडी बांधापर्यंत जाते. दरी उतरून रोडगे करायला कोणी जात नाही. मी म्हटलं, पोळ्या बांधून घेऊ. तू म्हणालास, "पोरं पोळ्या त रोजच खातेत." मग मी विचारलं, गोवऱ्या कुठे मिळणार तिथे? तेव्हा तू तुझ्या मोठ्या सॅकची चेन उघडलीस. आत पंधरा गोवऱ्या, वर्तमानपत्रात गुंडाळून नीट रचलेल्या. घरून आणलेल्या. परतवाड्याच्या एसटीत आपल्या डोक्यावरच्या फळीवर त्या होत्या आणि मला वाटत होतं वास बाहेरून येतोय.

कणीक, डाळ, वांगी, तुपाचा डबा, पातेलं, गोवऱ्या. आणि माझी बॅग. माझ्या बॅगेत काय होतं ते कोणाला माहीत नव्हतं, तुलासुद्धा. कोर्टाला सुट्टी होती, पण सुट्टी संपल्यावर एका जमिनीच्या दाव्याची तारीख होती. त्या दाव्याची फाईल मी सोबत आणली होती. खोलीचं कुलूप धड नव्हतं म्हणून ती खोलीत ठेवायची नाही, असं ठरवून मी ती बॅगेतच राहू दिली. तीन पिढ्यांचे सातबारे, फेरफार, जबान्या. विटेएवढी जाड. ती तू खाली उतरवलीस.

उतरताना सगळे मजेत होतो. झऱ्याशी पोहोचून तू दगडांची चूल मांडलीस, पोरांना काटक्या गोळा करायला लावलंस, आणि तेवढ्यात वनरक्षक आला. तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "साहेब, इथं जाळ करता येत नाही. जंगल आहे."

"भाऊ, दोन रोडगे तुमी बी खा ना आमच्यासंग," तू म्हणालास.

तो हसला, पण हलला नाही. म्हणाला, "आणि जे आणलं ते परत न्या. इथं काही टाकायचं नाही." तू त्याला वांगी देऊ केलीस. त्याने घेतली नाहीत. नियमाप्रमाणे वागणारा माणूस पाहून मला एरवी आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही. आपण चिवडा खाल्ला, पाणी प्यायलो आणि ऐन बारा वाजता, जसंच्या तसं सगळं ओझं घेऊन, दरी चढायला लागलो.

मी तुला त्याच वेळी म्हटलं होतं, त्या गोवऱ्या वाटेत कुठेतरी झाडाखाली ठेव. शेणच आहे, जंगलाला काय होणार. तू म्हणालास, "त्यानं सांगितलं ना, टाकाचं नाई. मास्तर माणसानं पोराइच्या समोर नियम मोडावा का?" मग मी म्हटलं, वनरक्षकाकडेच दे. "घरच्या गाईच्या हायेत," तू म्हणालास, आणि विषय संपला. वर जाऊन एखाद्या ढाब्यावर रोडगे लावायचा बेत तुझ्या डोक्यात तेव्हाही शिजत होता. तू आणि तुझे बेत.

रेवा शिट्टी वाजवत पुढे, तिच्या मागे ओम, मग मनीषा आणि वहिनी. बंटी तुझ्या खांद्यावर. अर्धी चढण झाली आणि तू त्याला खाली उतरवलंस. "बंटीराव, आता तुमी मोठे झाले. आता सोता चढा." आणि काय आश्चर्य, तो चढला. आईचं बोट धरून, रडत, पण चढला. मी मागून म्हणालो, वा दिगंबर, मास्तर आहेस खरा. मला वाटलं तू त्याला धडा देतोयस. तुला श्वास पुरत नव्हता, हे मला पुढच्या वळणावर कळलं.

त्या वळणावर तू खडकावर बसलास. बायका-पोरं पुढे निघून गेली होती, फक्त शिट्टी ऐकू येत होती. कार्तिकातली थंड हवा, आणि तुझ्या कपाळावरून पाणी गळत होतं. डावा हात तू उजव्या हाताने दाबून धरला होतास. मी विचारलं, काय होतंय? "आम्लपित्त," तू म्हणालास. "रातचं वांगं बाधलं." मी म्हटलं, हात का दुखतो मग वांग्याने? तू म्हणालास, बंटीला धरून धरून अवघडला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. अशा साक्षीदाराला मी कोर्टात पाच मिनिटांत उघडा पाडतो. तिथे नाही पाडला.

मी बॅगेला हात घातला. पट्टा माझ्या हातात आला होता, दिगंबर. तू तो ओढून घेतलास. "जावयानं ओझं उचलाचं नाई. मले घरी जाऊन बाबाइले तोंड दाखवाचं हाये." मी पट्टा सोडला. त्याचं खरं कारण आता सांगतो. रिवाज वगैरे काही नाही. माझे गुडघे दुखत होते, आणि तू नको म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं.

पंधरा मिनिटं आपण तिथे बसलो. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई खालून आली, तुझ्याकडे एकवार पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि वर निघून गेली. मग तू उठलास आणि म्हणालास, "मनीले सांगू नका. घर डोक्यावर घेईन ते. अन् तुमच्या वहिनीले त बिलकुल नाई. तुमाले माह्या गळ्याची आण हाये." मी म्हटलं, अमरावतीला गेल्यावर तपासून घेणार असशील तर. "हाव," तू म्हणालास. आणि गोवऱ्या, पातेलं, वांगी आणि तीन पिढ्यांचे सातबारे घेऊन उरलेली दरी चढलास. संध्याकाळी रोडगेही केलेस, लॉजच्या मागे. चांगले झाले होते. मी चार खाल्ले.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण तरी सांगणार, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्यानंतरच्या दिवसांचा आहे. मी फोन केला. "एकदम टंच," तू म्हणालास. दुसऱ्यांदा केला. "शाळेचं स्नेहसंमेलन होऊ द्या." तिसऱ्यांदा मी भांडलो, आणि आमच्या अकोल्यातल्या, जठारपेठेतल्या हृदयाच्या डॉक्टरची सकाळी अकराची वेळ घेऊन टाकली. तू अर्ध्या दिवसाची रजा टाकून अकोल्याला आलास. पिशवीभर संत्री घेऊन. मी कोर्टात होतो. दोन वाजता घरी येऊन पाहतो, तर तू स्टुलावर बसून आमच्या बाथरूमचा नळ खोलतोयस आणि मनीषा तुला पाना देतेय.

तिला काय माहीत? तिला वाटलं भाऊ सहज भेटायला आला. तिने गळका नळ दाखवला, तू बाह्या वर केल्यास. तिला माहीत असतं तर तिने तुला कान धरून दवाखान्यात नेलं असतं. पण तिला मी सांगितलं नव्हतं, कारण तू आण घातली होतीस. असा तू दोन्ही बाजूंनी पक्का बंदोबस्त केला होतास.

फाटकाशी मी तुला गाठलं. हळू आवाजात, पण म्हणालो, "तू मूर्ख आहेस, दिगंबर." अकरा वर्षांत पहिल्यांदा. तू हसलास. "जावई बोलले त ऐकून घ्या लागते," म्हणालास, वाकून पाया पडलास आणि ऑटोत बसलास. दरवेळी मी तुला स्टेशनवर सोडायला यायचो. त्या दिवशी आलो नाही. रागात होतो. तू बडनेऱ्याला उतरल्यावर नेहमीसारखा फोन केलास, तोही मी उचलला नाही. नळ अजून गळत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळच्या परिपाठाला, पोरांच्या रांगेसमोर तू खाली बसलास.

तेव्हापासून मी तुमच्या घरीच आहे. येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा: "इतकं अचानक कसं झालं हो? काही त्रास नव्हता न त्याईले?" वहिनी म्हणायच्या, नव्हता. मनीषा म्हणायची, नव्हता. तुझे बाबा, माझे मामाजी, भिंतीला टेकून बसलेले, नुसती मान हलवायचे. आणि मी त्यांच्या शेजारी बसून सतरंजीची दशी ओढत होतो. त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं की ते अचानक नव्हतं. चिखलदऱ्याच्या त्या खडकापासून शाळेच्या पटांगणापर्यंत मला पुरते तीन महिने मिळाले होते.

आणि त्यावर कडी म्हणजे माझी उठबस. अशा घरातसुद्धा. तेरावीच्या पंगतीत मामाजींनी, पोटचा मुलगा गेलेल्या त्या म्हाताऱ्याने, स्वतः उठून विचारलं, "जावईबुवाचं जेवण झालं का?" माझ्या पाण्याच्या तांब्याला दुसरं कोणी हात लावू देईना. एकाने माझ्यासाठी खुर्ची आणली. मला वाटलं उठावं आणि ती खुर्ची अंगणात फेकावी. तुमच्या घरात मला कोणी एक वाकडा शब्द बोलणार नव्हतं, मी काहीही केलेलं असलं तरी. तू हे घर असं करून ठेवलं होतंस. तुझ्या मागेही ते तसंच चालू होतं.

काल दुपारी सांगितलं. पाहुणे गेले होते. वहिनी ओसरीवर बसून तुझ्या शाळेतून आलेल्या वस्तू बघत होत्या. मनीषा शेजारी. मामाजी आतल्या दारात खाटेवर. मी उभ्यानेच सांगायला लागलो, खडक, घाम, डावा हात, आण. अकोल्याची डॉक्टरची वेळ. नळ. काहीच ठेवलं नाही. बॅगेतली फाईलही सांगितली. गुडघेही सांगितले. 

मग वहिनींनी विचारलं, "किती येळ बसले होते ते तिथं?"

"पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "अन् मी वरतं पोराइले बिस्किटं वाटून राहिली होती. मले वाटलं, साळे-जावई गप्पा मारत असतीन."

मनीषा तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी वाट पाहत होतो, की आता वहिनी नेहमीसारखं म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, नशिबात होतं. त्यांनी मान वर केली. दहा-अकरा वर्षांत त्यांना मी इतकं सरळ माझ्याकडे बघताना पाहिलं नव्हतं.

"तुमी वकील ना?" त्या म्हणाल्या. "कोर्टात रोज माणसं आण घेऊन खोटं बोलतेत, ते तुमाले चालते. अन् माह्या नवऱ्यानं एक आण घातली त तुमी तीन महिने तोंड शिवून बसले? मले एक फोन करता येत नव्हता? मी ओढत नेलं असतं त्याईले. पाय बांधून नेलं असतं."

"सूनबाई," मामाजी आतून म्हणाले. "जावई हायेत ते."

"मामाजी, बोलू द्या त्यांना," मी म्हटलं.

आणि त्या बोलल्या. काय काय बोलल्या ते सगळं लिहीत नाही, त्यातलं बरंचसं खरं होतं. फाईलवरून बोलल्या. तलावावरच्या त्या फोटोवरून बोलल्या. मग तुझ्यावर घसरल्या, गोवऱ्यांवरून, शिट्टीवरून, पोरांसमोर नियम मोडायचा नाही म्हणणाऱ्या पण डॉक्टरने दिलेली वेळ मोडणाऱ्या मास्तरवरून. मग पुन्हा माझ्यावर. मामाजी अजून एकदा "सूनबाई" म्हणाले, मग त्यांनीही अडवलं नाही. मनीषा मध्ये पडली नाही. मी उभाच होतो, कोणी मला बस म्हटलं नाही, खुर्चीही आणली नाही.

शेवटी त्या थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ओम त्या दिवसापासून शाळेत गेला नाई. माहं ऐकत नाई, आबाचं ऐकत नाई. उद्या सकाळी तुमी घेऊन जा त्याले. साडेसातची शाळा हाये. कोर्टा-बिर्टाचं मले सांगू नका."

मी हो म्हटलं.

दिगंबर, तू असतास तर मध्येच उठून वहिनींना गप्प केलं असतंस, आणि ओमला स्वतःच घेऊन गेला असतास, मला दुसरा चहा देऊन. अकरा वर्षांत तुमच्या घरी मला कोणी पहिल्यांदा काम सांगितलं. आज सकाळी ओम दप्तर घेऊन पायरीवर बसला होता, उठायला तयार नव्हता.  मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि बुटाच्या नाड्या बांधल्या. त्याने थोडा वेळ पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आतोबा, बाबा घट्ट बांधत." मी सोडून पुन्हा बांधल्या.